कुडपणची पाठमोरी

बसा ना, उभं का राहिलात? पासपोर्टचा फोटो म्हणजे दोन मिनिटांचं काम, पण लाइटच गेली तर मी तरी काय करणार. श्रावणात महाडची लाइट अशीच, तिच्या मनात असेल तेव्हा येते. बाहेर पडायचं म्हणाल तर पाऊस बघताय कसा लागलाय. थांबा, मेणबत्ती लावते. फोटो काढण्याएवढा उजेड नाही व्हायचा, पण निदान माणसाला माणूस दिसेल.

तो स्टूल असा माझ्याकडे फिरवून घ्या. हां, समोरासमोर. हल्ली मला समोरासमोर बसूनच बोलायला बरं वाटतं.

काय म्हणालात? ती फ्रेम? हो, भिंतीकडे तोंड करूनच लावलीय. चुकून नाही, मुद्दाम लावलीय. सगळेच विचारतात. बाकीच्यांना मी काच फुटलीय म्हणून सांगते. तुम्हाला खरं सांगते, लाइट येईपर्यंत वेळ तरी जाईल.

हा स्टुडिओ माझ्या बाबांचा. मी फोटोग्राफी शिकले पुण्याला, रीतसर, हॉस्टेलवर राहून. विपुल, म्हणजे माझा नवरा, लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायचा. आमचं जमलं तेही एका हळदीतच. त्याचा कॅमेरा नवरीवर कमी आणि माझ्यावर जास्त होता, म्हणून त्या घरचे लोक अजून चिडवतात. ‘आमच्या हळदीच्या व्हिडिओत श्रुतिकाच दिसते’ म्हणतात. तेव्हा तो माझ्या तोंडाकडे बघायचा हो. बघतच राहायचा.

मग तो मोठा पूर आला. सावित्री नदी या दुकानात पार छतापर्यंत चढली होती. कॅमेरे, दिवे, बाबांचे निगेटिव्हचे डबे, सगळं चिखलात गेलं. त्यानंतर लग्नाच्या ऑर्डरी दुसरीकडे वळल्या, त्या वळल्याच. तेव्हा ऑनलाइन फोटो विकायचं मी डोक्यात घेतलं. त्याच्या साइट असतात. आपण आपले फोटो तिथे चढवायचे, आणि जगात कुणाला कॅलेंडरसाठी, जाहिरातीसाठी, पुस्तकासाठी लागला की तो विकत घेतो. एकच फोटो कितीही जणांना विकला जातो. गिऱ्हाईक ‘भात’, ‘पाऊस’, ‘डोंगर’ असे शब्द टाकून शोधतं, म्हणून फोटोला शब्द नेमके जोडावे लागतात. हे सगळं मी विपुलला शिकवलं. कॅमेरा धरायला शिकवला असं नाही म्हणत, पण कुठला फोटो विकला जातो आणि का, हे त्याला माझ्याकडूनच कळलं.

आणि विकले जायला लागले त्याचे.

माझे कसले? गांधारपाल्याची लेणी, आंब्याच्या फोडी, पाचाडच्या खानावळीतली चुलीवरची भाकरी. साइटवाले निम्मे परत पाठवायचे, असे आमच्याकडे पुष्कळ आहेत म्हणून. उरलेल्यांकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. विपुलचा मात्र एक फोटो असा चालला, की विचारू नका. तोच तो, त्या फ्रेममधला.

पोलादपूरच्या वर, कुडपणच्या पठारावरचं एक भाताचं खाचर, भोवती धुकं, आणि बांधावर इरलं घेतलेली बाई. पाठमोरी. इरलं पाहिलंय ना तुम्ही? बांबूच्या कामट्यांचं, वरून पळसाची पानं लावलेलं, डोक्यापासून पार खाली येणारं. पाठमोरी बाई त्यात दिसतच नाही. नुसतं इरलं, आणि खाली दोन टाचा.

आता पाठमोरीच का, तर त्याला आमच्या धंद्यातलं कारण आहे. फोटोत माणसाचा चेहरा ओळखू येत असेल, तर त्या माणसाची सही लागते, की बाबा माझा फोटो विकायला माझी हरकत नाही. सही नसेल तर साइट फोटो घेतच नाही. डोंगरातल्या बाईला लावणी टाकून इंग्रजी कागदावर सही करायला कोण सांगणार? म्हणून आम्ही लोक मागून काढतो. हात काढतो, पाय काढतो, पाठ काढतो. ‘ताई, मागे बघू नका हं’, हे वाक्य आम्ही जितक्या वेळा म्हणतो तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर एव्हाना कल्याण झालं असतं.

तर तो फोटो एका खताच्या कंपनीच्या कॅलेंडरवर आला. मग कुठल्याशा जर्मन मासिकात. मग एका विम्याच्या जाहिरातीत, आणि ती जाहिरात लागली पोलादपूरला हायवेच्या कडेला, दुमजली घराएवढी. मला माझ्या मावशीकडे जायचं तर त्या बाईच्या टाचांखालून जावं लागायचं. लोक स्टुडिओत येऊन विपुलचा हात हातात घेऊन अभिनंदन करायचे आणि जाता जाता मला विचारायचे, ‘वहिनी, तुम्हीपण काढता ना फोटो थोडेफार?’ थोडेफार! अंगाची नुसती लाही व्हायची माझ्या. नवऱ्याचं चांगलं झालं तर बायकोला आनंद व्हायला हवा, हे मलाही कळतं. नाही झाला. जळफळाट झाला, आणि तो मी लपवलाही नाही.

पण खरी आग पुढेच होती. गिऱ्हाइकांना तीच बाई हवी म्हणून विपुल पुन्हा पुन्हा कुडपणला जायला लागला. घरात तोंडाला कुलूप लावून बसणारा माणूस, कुडपणहून आला की गाणं गुणगुणत चपला काढायचा.

“नाव काय रे तिचं?” मी एकदा विचारलं.

“नाही विचारलं.”

“एवढ्या वेळा गेलास, आणि नाव नाही विचारलंस?”

“बोलण्यात राहून गेलं.”

“म्हणजे बोलता तुम्ही.”

तो हसला. “मीच बोलतो गं. ती ऐकते. मधेच एखादा शब्द बोलते. बरं वाटतं.”

बरं वाटतं! अहो, मी त्या माणसाशी सकाळपासून रात्रीपर्यंत बोलते. माझ्याशी बोलून त्याला कधी बरं वाटल्याचं मला तरी आठवत नाही.

“दिसायला कशी आहे?”

“मी कुठे पाहिलीय,” तो म्हणाला. “पाठमोरी असते ना.”

कुठली बायको हे खरं मानेल, तुम्हीच सांगा.

तो आंघोळीला गेला की मी त्याचं मेमरी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावायची. फोटो मोठे करकरून बघायची. बांगडी दिसते का, कानातलं दिसतं का, केसाची एखादी बट तरी. काही नाही. नुसत्या टाचा. चिखलात उभी राहणारी बाई, आणि टाचेला एक भेग नव्हती. म्हणजे तरुण असणार, असं मी धरून चालले. आणि तोंडाचा फोटो एकही नव्हता. आता कुठलीही बाई घ्या, तिला कितीही बजावा, ती एकदा तरी वळतेच. डास चावतो, शिंक येते, ‘झालं का हो’ म्हणून विचारायला तरी वळते. विपुलने ते फोटो पुसले असणार, म्हणून मी फोटोंचे नंबर पाहिले. कॅमेरा प्रत्येक फोटोला ओळीने नंबर देतो, मधला एखादा पुसला की तिथे खाडा दिसतो. एकही खाडा नव्हता. ती कधी वळलीच नव्हती.

तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती. पण माणूस मत्सराने इतका भरलेला असतो, की भीतीला आत शिरायला फट सापडत नाही. माझ्या मनात एवढंच आलं, की माझ्या नवऱ्याचं किती ऐकते ही सटवी.

मग मी ठरवलं. तिच्या पाठीने विपुलचं नाव झालं ना, तर मी तिचं तोंड काढणार. समोर उभी करणार, गोड बोलून सही घेणार, आणि माझ्या नावावर साइटवर चढवणार. आणि ते करता करता एकदा डोळे भरून बघून घेणार, की आहे तरी कोण ही.

विपुलला वीर गावात एका साखरपुड्याची ऑर्डर होती. मी पाचाडला बारशाला जाते म्हणून सांगितलं आणि स्कूटी पोलादपूरच्या रस्त्याला लावली. त्या जाहिरातीखालून गेले तेव्हा मुद्दाम मान वर करून बघितलं. म्हटलं, थांब, आलेच.

कुडपणला पोचले तेव्हा सकाळ सरत आली होती, पण वर उजेड म्हणावा तसा नव्हताच. धुकं. घाटात पाऊस होता, पठारावर पाऊसही नाही आणि वाराही नाही, नुसतं पांढरं. स्कूटी बंद केली तशी पाण्याचे आवाज ऐकू आले. एका खाचरातून दुसऱ्यात उतरणारं पाणी. बेडूक ओरडत होते. पहिल्याच घराच्या पडवीत एक म्हातारी भारंगीची पानं निवडत बसली होती. राहीबाई तिचं नाव. तिने पाणी दिलं, मी विचारलं.

“आजी, इथे खाचरात इरलं घेऊन कोण काम करतं हो?”

“इरलं?” ती हसली. “आता कोन घेतंय गो इरलं? समदी पिलास्टिकचा कागद घेतात. इरली इननारा धोंडू गेला, त्याला लय वर्सं झाली. माज्या घरातलं होतं त्ये उंदरांनी खाल्लं.”

“मग तो महाडचा फोटोवाला येतो, तो कुणाचे फोटो काढतो?”

“तो व्हय? तो तुजा कोन?”

“नवरा.”

म्हातारीने हातातली पानं सुपात ठेवली.

“तो येकटाच बसतो गो त्या खालच्या बांधावर,” ती म्हणाली. “बोलतो काय, हसतो काय. आमी म्हनतो मोबाईलवर बोलत आसंल. पन हितं रेंज कुटं हाय?”

“खालच्या म्हणजे कुठल्या खाचरात?”

“त्या आंब्याच्या पल्याड. पडीक हाय त्ये. भात नाय त्यात, गवात हाय. तिथं कोन जात नाय.” मग माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून तिचा आवाज उतरला. “जातीस तर जा. पन आयक गो बाय. पाठमोरं कोन दिसलं तर हाक नको मारू. समोरच्याला मारलेली हाक त्याच्याकडं जाते. पाठमोऱ्याला मारलेली कुटं जाते त्ये कुनाला ठावं नसतं.”

मी मान हलवली. मनात म्हटलं, झाकतेय म्हातारी. हिच्याच भावकीतली असणार कुणीतरी. सगळं गाव मिळून माझ्यापासून लपवतंय.

आंब्याच्या पलीकडे उतरले. गवत गुडघ्याएवढं, ओलं, मधे पाणी साचलेलं. एक वास येत होता. कुजलेल्या पानांचा म्हणावा तर तसा नाही, फार दिवस माळ्यावर पडलेली आणि आता भिजलेली पळसाची पानं असतील तसा. आणि बांधावर… ती होती.

अगदी फोटोतल्यासारखी. इरलं, टाचा, धुकं. मला आधी काय वाटलं असेल? भीती नाही. मला वाटलं, हा फोटो खरंच चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला काढला विपुलने. त्या विचारासरशी मी तडक कॅमेरा डोळ्याला लावला.

तुम्हाला ठाऊक असेल, तुमच्या मोबाइलमध्येही असतं. समोर माणसाचा चेहरा आला की कॅमेरा तो आपोआप ओळखतो आणि त्यावर एक छोटा हिरवा चौकोन धरतो. चेहऱ्यावरच धरतो. पाठ केली की चौकोन जातो.

इरल्यावर चौकोन आला. वरच्या बाजूला, जिथे डोक्याचा मागचा भाग असावा तिथे. हिरवा, स्थिर. जरासाही हलत नव्हता.

मला वाटलं, पानांच्या रेघांनी कॅमेऱ्याची फसगत झाली. होतं असं कधीकधी. मी दोन फोटो काढले आणि बांधाबांधाने पुढे निघाले, तिच्या समोरच्या बाजूला जायला. नजर तिच्यावरच. खाचराच्या कोपऱ्यावर वळले… इरलंच. अजून पुढे गेले… इरलंच, टाचाच. ती जागची हलली नव्हती. पायाखालचं गवतसुद्धा हललं नव्हतं. मी चालत राहिले, आणि माझा चिखलातला पहिला पाऊलठसा पुन्हा माझ्या पुढ्यात आला. सबंध खाचराला फेरा झाला होता. चारी बाजूंनी ती पाठमोरीच होती. आणि कॅमेरा उचलून बघितलं, तर चारी बाजूंनी चौकोन…

बेडूक कधी गप्प झाले, कळलं नाही.

पळायला हवं होतं ना? कळत होतं मला. पण तेवढ्यात मनात आलं, याच बांधावर तो बसतो. इथेच हसतो. जे मला सांगत नाही ते इथे बसून हिला सांगतो… आणि ही मला तोंडसुद्धा दाखवत नाही! डोकंच फिरलं माझं. आम्ही आयुष्यभर ज्याच्या उलट सांगतो, ते मी ओरडून म्हटलं.

“ए बाई! मागे बघ! तुझ्याशीच बोलतेय मी… बघ इकडे!”

“ओ.”

तिच्याकडून नाही आला तो आवाज. माझ्या मागून आला. माझ्या मानेवर, केस संपतात ना, तिथून… इतक्या जवळून, की श्वास लागला. गार, पळसाच्या पानांच्या वासाचा.

मी गर्रकन वळले. कुणी नव्हतं. पुन्हा बांधाकडे बघितलं. बांधही रिकामा होता.

वर कशी आले ते आठवत नाही. राहीबाईने मला येताना पाहिलं मात्र, आणि सूप तिथेच टाकून आत गेली. दार लावून घेतलं तिने.

घरी येऊन दोन दिवस अंथरुणात होते. तापच आला. विपुलने केलं सगळं, पेज दिली, औषध दिलं. मी त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार, तुझ्या बाईला बघायला गेले होते म्हणून? बरी झाले तशी ते दोन फोटो उघडले. चांगले आले होते. विपुलच्या तोडीचे. म्हटलं, गेलं खड्ड्यात सगळं, भास झाला असेल, फोटो तर हातात आहे. त्यातला एक माझ्या नावावर साइटवर चढवला.

दुसऱ्या दिवशी परत आला. पण कारण नेहमीचं नव्हतं. लिहिलं होतं, या फोटोत व्यक्तीचा चेहरा स्पष्ट ओळखू येतो, तिच्या सहीशिवाय फोटो घेता येणार नाही.

मी हसले. खरंच, मोठ्याने हसले. मग कॉम्प्युटर बंद केला.

त्यानंतर विपुल कुडपणला गेला आणि लगेच परत आला. चपला न काढताच खुर्चीत बसला. “आज नव्हती,” म्हणाला. पुढच्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी गेलाच नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तो असा मलूल होऊन बसलेला, आणि मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापताना आतून नाचत होते.

त्याच संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला. मी ओट्याकडे तोंड करून होते, त्याला पाठ. आणि तो बोलायला लागला.

असा तो माझ्याशी कधी बोललाच नव्हता. लहानपणचं सांगितलं. वडील मुंबईहून यायचे तेव्हा हा माळ्यावर लपून बसायचा, ते सांगितलं. पुरात स्टुडिओ बुडताना तो छतावरून बघत होता आणि त्याला रडू आलं नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं, हेसुद्धा सांगितलं. माझे डोळे भरून आले. म्हटलं, परत आला माझा माणूस. पीठभरले हात तसेच, मी वळले त्याच्याकडे.

तो गप्प झाला. मधेच, शब्द अर्धा टाकून. माझ्या तोंडाकडे बघून असा झाला, जसं कुणीतरी परकं मधे येऊन उभं राहिलंय.

“बोल ना,” मी म्हटलं.

“काही नाही,” म्हणाला, आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी भांडी घासत होते, तो मागून बोलत होता. यावेळी मी शहाणी झाले होते, वळले नाही. मधेच त्याने विचारलं, “आठवतंय ना तुला, मी सांगितलं होतं ते?” मला काही आठवत नव्हतं, मला त्याने काही सांगितलंच नव्हतं. काय बोलावं याचा विचार करत मी ओठ मिटून उभी होते. आणि…

“हं,” कुणीतरी म्हणालं.

माझ्या मानेजवळून. विपुल हसला आणि पुढे बोलत राहिला.

मी इथे स्टुडिओत येऊन शटर आतून ओढून घेतलं. कॅमेरा स्टँडवर लावला, मोठ्या स्क्रीनला जोडला आणि तुम्ही बसलाय ना, त्याच स्टुलावर बसले. दिवे लख्ख होते. स्क्रीनवर माझा चेहरा दिसत होता, सरळ, समोर. चौकोन आला नाही. हसून बघितलं, डोळे मोठे करून बघितले. नाही. मग मी हळूहळू स्टुलावर फिरले, पाठ कॅमेऱ्याकडे केली… आणि मागे टिक् करून आवाज झाला. चेहरा सापडला की कॅमेरा वाजतो तसा.

त्या दिवशी ती फ्रेम उलटी केली. कारण फोटोत आता बांध आहे, धुकं आहे, बाकी कुणी नाही. हवी तर लाइट आल्यावर बघा.

घाबरलात? मलाही वाटायची भीती, सुरुवातीला. आता भीती नाही वाटत. आता काय वाटतं सांगू? हेवा वाटतो. माझ्याच पाठीचा. रोज संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहतो, आणि मी ओट्याकडे तोंड करून ऐकत राहते. भाकरी करपते तरी वळत नाही, कारण वळले की तो गप्प होणार. तो बोलतो, ती ‘हं’ म्हणते, हल्ली तर दोघं हसतातही. आणि मी, त्याची लग्नाची बायको, दोघांच्या मधे भिंतीकडे बघत उभी. सोडून जायचंही मनात आलं. पण मी निघाले, तर विपुल माझ्या मागोमाग येईल. कुणासाठी येईल, तेही मला माहीत आहे.

आली बघा लाइट. चला, तुमचं काम करून टाकू. मान सरळ, खांदे सैल सोडा, इकडे कॅमेऱ्याकडे बघा. छान.

एक मिनिट हं. तुमच्या मागचा पडदा जरा वाकडा झालाय, तो सरळ करते. तुम्ही वळू नका, कॅमेऱ्याकडेच बघत राहा. पडद्याशी गेले की माझी पाठ तुमच्याकडे होईल, क्षणभरच. तेवढ्यात तुम्हाला मागून कुणी काही विचारलं… नाव, गाव, काहीही… तर ओ देऊ नका. मी नसेन विचारत.